आळणी पान

रविवार, २१ एप्रिल १९९६. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. उरणजवळच्या नव्या वसाहतीतल्या तळमजल्यावरच्या घरात, जेवता जेवता श्यामसुंदर यांच्या नाकातून रक्त आलं.

ही घडलेली घटना आहे. खालच्या तारखा आणि आकडे डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून घेतले आहेत. बाकीचं त्यांच्या पत्नीने, जयमालाबाईंनी, सांगितलं तसं.

आधी एक थेंब. आमटीत.

मग धार लागली.

जयमालाबाईंनी घाबरून त्यांची मान मागे केली, नाकाशी फोडलेला कांदा धरला. रक्त घशात उतरलं. उलटी झाली. भांडी घासणाऱ्या यशोदाबाई मोरीतून धावत आल्या.

"वैनी, मान मागं नको! फुडं वाकवा भाऊंना. नाक चिमटीत धरा, घट्ट."

वीस मिनिटांनी रक्त थांबलं. दवाखान्यात प्रेशर भरलं दोनशे दहा, एकशे वीस. गोळ्या सुरू झाल्या, रजा पडली, मीठ बंद झालं.

"पापड, लोणचं, सोडे, सगळंच?" श्यामसुंदरनी विचारलं. "मग जगून करायचं काय, डॉक्टर?"

जयमालाबाई हसल्या. तेव्हा हसू येत होतं.

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. पान वाढताना डावीकडे आधी मीठ, मग बाकीचं. हात आपोआप तिथे जायचा. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती जागा रिकामी ठेवली. मिठाची बरणी यशोदाबाईंना देऊन टाकली.

गुरुवारी पहिलाच घास घेऊन श्यामसुंदर थांबले.

"जया, भात खारट झालाय."

"काहीतरीच काय. घरात मीठच नाही."

"खाऊन बघ."

त्यांनी खाल्ला… खारट होता.

पातेल्यातला भात मात्र आळणी होता.

"चोरून घेता ना, अहो?"

"प्राचीची शप्पथ." प्राची त्यांची एकुलती एक मुलगी. तिची शप्पथ ते कधी घेत नसत.

शुक्रवारी जयमालाबाई समोरच बसून राहिल्या. नवऱ्याला दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावले. एक वाजून गेला होता.

खर्र…

आवाज फरशीखालून आला. चिखलातून लाकडी फळी ओढावी तसा.

खर्र… खर्र…

थांबला, तेव्हा पानात डावीकडे चिमूटभर मीठ होतं. जाड, करड्या रंगाचं. दुकानात मिळतं तसलं नव्हे.

आणि श्यामसुंदरच्या नाकातून रक्त येत होतं.

यशोदाबाई दारात उभ्या होत्या. हातातलं भांडं तसंच.

"वैनी, ह्यो आवाज मला ठाव हाय."

"कसला आहे?"

"हितं मिठागर होतं. भराव पडायच्या आदी माझा सासरा हितंच फळीनं मीठ ओढायचा. दुपारी एकाला हितंच जेवायचा. एक दिवस जेवायला बसला, तो उठलाच नाय."

रविवारी, ५ मे रोजी, जयमालाबाईंनी यशोदाबाईंच्या त्या सासऱ्यासाठी वेगळं पान वाढलं. वरण, भात, भाजी, पोळी, गूळ. भोवती पाणी फिरवलं. हात जोडले. "जेवा, आणि आमचं माणूस सोडा," म्हणाल्या.

नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. त्यांना आईने तसंच शिकवलं होतं.

यशोदाबाई आत आल्या आणि पान बघून जागीच बसल्या.

"वैनी… मिठागरातल्या मानसाला आळनी वाढलंत?"

खर्र…

या वेळी आवाज थांबला नाही.

रक्तही थांबलं नाही. पाऊण तास. रिक्षात दोन टॉवेल भिजले. वाशीच्या एका इस्पितळात नाकात बोळे भरले. तरुण डॉक्टरने चिठ्ठ्या चाळल्या.

"गोळ्या चालू असून एवढं प्रेशर? स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. पण देवाशप्पथ, घरात मीठ नाही."

"बाई, नवरा तुमचाच आहे. खरं सांगा."

डॉक्टरने कागदावर लिहिलं, पथ्य पाळत नाहीत. जयमालाबाईंनी ते वाचलं आणि कागद परत दिला.

नऊ दिवसांत प्रेशर उतरलं. पण परत जायला तेच घर होतं.

तोड यशोदाबाईंनी काढली. "तुमी चूल पेटवू नका. पान मांडू नका. मी घरून आळनी डबा आनते. माझ्या घरचं म्हंजे त्याच्याच घरचं. त्याला तो हात नाय लावायचा."

१५ मेपासून डबा सुरू झाला. श्यामसुंदर डब्यातच जेवू लागले. फरशीखालचा आवाज बंद झाला.

२९ मे. प्रेशर एकशे चाळीस, नव्वद. तेवढं बघून जयमालाबाई दवाखान्यातच रडल्या.

३० मेला डबा घेऊन यशोदाबाईंची सून आली.

"तुझ्या सासूबाई कुठे आहेत?"

"निजल्यात. काल डबा भरताना नाकातनं रगत आलं त्यांच्या. डॉक्टर बोलला, परेशर हाय. दोनशे वीस."

यशोदाबाईंचं वय चव्वेचाळीस. त्यांना प्रेशर कधीच नव्हतं.

"पन त्यांनी सांगितलंय, डबा बंद करायचा नाय. भाऊंना कायतरी व्हायला नको."

जयमालाबाई डबा हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. डबा गरम होता. घ्यावा, की परत पाठवावा?

आतून हाक आली, "जया, आला का डबा? भूक लागलीय गं."

त्यांनी डबा आत नेला.

शनिवार, १ जून. श्यामसुंदर यांचं प्रेशर एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. डबा चालू आहे. यशोदाबाईंना काल इस्पितळात दाखल केलं.

रक्त थांबलेलं नाही.