पोळ्याच्या दिवशी जुंपलेली जोडी

"पुढं मी बसणार!" बन्सी ओरडला.

"तुला हॉर्न वाजवता येतो का? मला येतो!" असं म्हणत शालू आबांशेजारी जाऊन बसलासुद्धा!

झालं! जळगाव सुटायच्या आधीच बन्सीचं डोकं फिरलं. शालिग्राम ऊर्फ शालू हा त्याचा चुलत भाऊ, धुळ्याच्या देवपुरातला. मोटार शालूच्या वडिलांची, म्हणजे आबांची. सणाला सगळ्यांना धुळ्याला न्यायला आबा स्वतः मोटार हाकत आले होते. मागच्या बाकावर बन्सी, त्याची धाकटी बहीण कुंदा आणि त्यांचे वडील नाना. लाडवांचा भलामोठा डबाही बन्सीच्याच मांडीवर! कालपासून लागलेला पाऊस कापडी टपातून गळत होता, तो नेमका त्याच्याच मानेवर.

"नाना, शालूला मोटारीतलं सगळं कळतं!" कुंदा कौतुकानं म्हणाली.

"हुशार आहे पोरगं," नाना म्हणाले.

बन्सीनं मांडीवरचा डबा दाणकन सरकवला. वडील आपले, बहीण आपली, आणि कौतुक कुणाचं? शालूचं!

पारोळं मागं पडलं आणि एका नाल्यात मोटार फसली. चाक गरगर फिरे, काळा चिखल उडे, पण मोटार जागची हलेना. सगळ्यांनी ढकलून पाहिली. वर आभाळ पुन्हा भरून आलं.

"नाल्याला पाणी आलं तर मोटार गेलीच!" आबांचा चेहरा उतरला. "आणि आज पोळा. बैल कोण देणार?"

खरंच होतं ते. पलीकडच्या शेतातल्या माणसानं आधीच कानावर हात ठेवले होते. बैलांच्या सणाला बैल कोण जुंपतो?

"मी बघतो!" म्हणत शालू पळाला, आणि थोड्याच वेळात चक्क छकड्यावर बसून परत आला! छकड्याला बैलजोडी होती आणि हाकणारा एक दाढीवाला माणूस.

"शाबास रे वाघा!" आबा ओरडले. नानांनी शालूची पाठ थोपटली. कुंदानं तर टाळ्या वाजवल्या.

बन्सी जळफळत बैलांकडे बघत उभा राहिला. मोटारीकडे बघितलं असतं तर शालू दिसला असता ना! पण बघता बघता तो चमकला. दोन्ही बैलांच्या खांद्यांवर हळद-तूप चोळलेलं होतं. एका बैलाची दोन्ही शिंगं लाल रंगवलेली, आणि पांढऱ्या बैलाचं मात्र एकच!

"काका, याचं एकच शिंग का रंगवलं?" त्यानं विचारलं.

"रंग सरना," दाढीवाला म्हणाला. "लवकर करा शेठ, माले पुढे जानं शे. भडगावले."

"पण आज जोडी जुंपली, तर घरचे रागावले नाहीत?"

"ए पोऱ्या, बाजू हो!"

"बन्सी! चोंबडेपणा पुरे!" नाना गरजले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही उगाच नाही.

बन्सीनं कुंदाला बाजूला ओढलं. "बैल चोरीचे आहेत! आपला मामा पोळ्याला बैलाच्या खांद्यावर माशी बसू देत नाही, आणि हा छकडा ओढायला लावतो? कुणीतरी शिंगं रंगवत असतानाच यानं ते पळवलेत!"

"शालूनं माणूस आणला म्हणून तू जळतोस, दादा!"

"जळतोय! हो, जळतोय! पण जळणाऱ्याचे डोळे फुटलेले असतात का? जा, खांदे बघून ये!"

कुंदा बघून आली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अरे, हळद अगदी ताजी आहे रे! आता काय करायचं?"

"बैल सुटला की कुठं जातो?"

"घरी!"

बन्सी बैलांकडे सरकू लागला. आपण चुकलो, तर बैल गेले, मोटारही गेली, आणि नाना सोलून काढतील! पण गप्प बसलो, तर मोटार निघताच हा माणूस जोडी घेऊन पसार.

छकडा सोडून झाला होता. जू बैलांच्या मानेवरच होतं. दाढीवाला मोटारीला दोर बांधायला वाकला, तेवढ्यात दोघांनी बैलांच्या गळ्याखालच्या गाठी सोडल्या. जू धाडकन खाली पडलं.

"हुर्रर्र!" बन्सीनं पांढऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

बैल उधळले! भडगावकडे नाही हं, बाभळींपलीकडच्या गावाकडे, शेपट्या वर करून!

"गाढवा! काय केलंस हे?" आबा किंचाळले.

"आबा, त्याच्याकडे बघा!"

दाढीवाला बैलांमागं धावलाच नाही. तो उलट्या दिशेनं सुसाट सुटला होता!

"अरे, चोर आहे चोर!" नाना ओरडले. पण काळ्या मातीत पळणार कुठवर? गुडघाभर रुतला, आणि नानांनी त्याची मानगूट धरली.

बैलांचा माग काढत मुलं गावात पोचली. एका अंगणात भिकुबाई नावाची म्हातारी पांढऱ्याच्या गळ्यात पडून रडत होती. "मना ढवळ्या उना वं माय! मना खैऱ्या उना!" मघाशी शिंगं रंगवता रंगवता ती त्यांना लावायला बेगड आणायला घरात गेली होती, तेवढ्यात छकड्यासकट जोडी गायब!

हकीगत ऐकताच गावकरी दोर घेऊन धावले. "आज बैल नहीत भाऊ, पन आम्ही बठ्ठा शेतस ना!" म्हणत त्या सगळ्यांनी मिळून मोटार ओढून बाहेर काढली, आणि चोराला पाटलाच्या ताब्यात दिलं.

"शाबास बन्सी!" सगळे भिकुबाईच्या अंगणात परतल्यावर आबा म्हणाले. "आणि आमचे चिरंजीव बघा! चोरालाच मानानं घेऊन आले!"

सगळे हसले. बन्सीही हसला. सकाळपासून हेच तर हवं होतं त्याला! मग त्याचं लक्ष शालूकडे गेलं. लालबुंद तोंड, खाली घातलेली मान, घट्ट आवळलेले ओठ. आत काय जळतंय, हे बन्सीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हसू नका!" तो एकदम म्हणाला. "शालूनं त्याला थांबवलं नसतं, तर बैल केव्हाच लांब गेले असते!"

"खरं शे," भिकुबाई म्हणाली. "दोन्ही पोरे मनी जोडी तोरणखालतून काढतीन!"

तिनं ढवळ्याचा कासरा शालूला दिला, खैऱ्याचा बन्सीला. ढवळ्या उंच, देखणा. बन्सीला जरा झोंबलंच! असल्या खोडी काय एका दिवसात जातात?

संध्याकाळी वेशीत बांधलेल्या पोळ्याच्या तोरणापाशी ढोल वाजला आणि बैल धावत सुटले.

"बन्सी, हा ओढतोय रे मला! काय करू?" शालू ओरडला.

"कासरा आखूड धर! माझ्याबरोबर चल!" बन्सी ओरडला, आणि दोघं एकदमच तोरणाखालून पार झाले.