तळहाताएवढ्या कॅमेऱ्याची पिशवी

त्याच्या बॅगेचा पट्टा तुटला तो नेमका तिच्या दुकानाच्या पायरीसमोर. भर दुपारची वेळ, रस्त्यावर माणसांची ये-जा, आणि फरशीवर त्याचा सगळा संसार पसरलेला – तीन बॅटऱ्या, दोन चार्जर, एक लांबलचक ट्रायपॉड, धूळ उडवायचा रबरी फुगा, चार तऱ्हेची फडकी... आणि या गोतावळ्याच्या मधोमध एक तळहाताएवढा कॅमेरा.

ती मशीनवरून उठून धावली. एक बॅटरी गटाराच्या जाळीकडे निघाली होती, ती तिने पायानेच अडवली.

"थँक्यू," तो गुडघ्यांवर बसूनच म्हणाला. मग त्याने वर पाहिलं, पण तिच्याकडे नाही, तिच्या डोक्यावरच्या पाटीकडे. "ते... 'दुरुस्ती'तला 'दु' ऱ्हस्व असतो."

"फाटलीय तुमची बॅग, आणि चुका माझ्या काढताय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी हो. सवय लागलीय. प्रूफरीडर आहे मी."

आतून तिच्या आत्याच्या हसण्याचा आवाज आला. दुकान आत्याचंच. कातडं आणि कापड ती कापायची, शिलाई भाचीकडे. छताला रंगवार चेन लटकलेल्या, आणि सगळीकडे डिंकाचा नि चामड्याचा वास. नव्या माणसाला तो वास सोसत नसे. हा मात्र स्टुलावर असा बसला, जणू रोजचाच.

बोलता बोलता कळलं, की एका छापखान्यात तो अकरा वर्षं प्रवासाच्या पुस्तकांची प्रुफं तपासत होता. कुठली बोट किती वाजता सुटते, कुठल्या टेकडीवरून सूर्यास्त छान दिसतो, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र कुठेच गेला नव्हता. आता चाळीस दिवसांची रजा मिळाली होती आणि तीन आठवड्यांनंतरचं तिकीट खिशात होतं.

"एवढ्याशा कॅमेऱ्यामागे एवढं लटांबर?" तिने विचारलं.

"यादीत होतं. 'अत्यावश्यक' म्हणून."

"कुणाच्या यादीत?"

"सात-आठ याद्या वाचल्या... कुणी काय, कुणी काय सांगतं. मग म्हटलं, सगळंच घ्यावं."

ती हसली. हसताना तिच्या ओठांत टाचणी होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. ती काढून तिने टाचण्यांच्या गादीत खोचली. "बॅग शिवून देते, पण ती पुन्हा तुटणार. त्यापेक्षा कमरेला लावायची एक छोटी पिशवी करू. तिच्यात मावेल ते तुमच्याबरोबर, बाकीचं घरी."

"आणि काय मावणार ते कोण ठरवणार?"

"तुम्ही. मी फक्त नाही म्हणणार."

मग तो रोज यायला लागला. छापखाना सुटला की साडेपाचला पायरीवर. रोज एका वस्तूचा निकाल लागायचा.

लांबलचक ट्रायपॉड पहिल्याच दिवशी बाद झाला. त्याऐवजी वीतभर उंचीचा, कुठल्याही कठड्यावर उभा राहील असा एक त्याने आणला. ती त्याला 'कोळी' म्हणायची. बॅटऱ्यांवर दोन दिवस वाद झाला. शेवटी एक कॅमेऱ्यात, एक जादा, असं ठरलं.

"भरलेली कुठली आणि संपलेली कुठली, कसं कळणार?" त्याने विचारलं.

"दोन कप्पे करते. भरलेली उजवीकडे, संपलेली डावीकडे."

"आणि मी विसरलो तर?"

"उजवा हात कुठला तेही विसरता का तुम्ही?"

"समोर कोण बसलंय त्यावर आहे..." तो म्हणाला, आणि स्वतःच गडबडून फडकी मोजायला लागला.

एका मोठ्या मेमरी कार्डाऐवजी दोन छोटी घ्या, हे तिनेच सुचवलं. एक हरवलं तरी निम्मा प्रवास हातात राहील. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी मनगटात अडकवायची दोरी आली. ती मापाने बेतायची म्हणून तिने त्याचा हात पुढे घेतला, टेप गुंडाळली आणि आकडा वाचला. लिहून घ्यायला मात्र विसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं लागलं. त्याने तक्रार केली नाही.

आत्याच्या नजरेतून काय सुटणार? एका सकाळी ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "काल शिवलेली बाजू आज उसवलीस. कापडात खोट आहे, की आणखी कशात?"

"टाका तिरपा गेला होता, आत्या."

"हो का? मला तर सरळ दिसला."

निघायला चार दिवस उरले, तेव्हा तो नेहमीपेक्षा लवकर आला. स्टुलावर बसला नाही.

"पिशवी झाली नसेल तर राहू दे," तो म्हणाला. "तिकीट पुढे ढकलतो मी. मला तसं... काही अडत नाही."

क्षणभर तिला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

"याआधी किती वेळा ढकललंत?"

"दोनदा." तो पायाकडे बघत राहिला. "एकदा पावसामुळे. एकदा बूट चावत होते म्हणून."

तिला हसू आलं, पण ते ओठांवरच थांबलं. तिने खण उघडला. पिशवी आत होती. गर्द निळी, कडेला राखाडी पट्टी, तयार.

"परवाच झाली," ती म्हणाली. "सांगितलं नाही मी."

"का?"

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आत्याला अचानक मागच्या खोलीत काम निघालं.

"झाली म्हटलं असतं, तर तुम्ही यायचे थांबला असता... म्हणून."

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला दुसरीकडे बघावं लागलं. "मग तर मी जातच नाही!"

"जायचं," ती म्हणाली. "बुटांमुळे राहिलात, ते ठीक. माझ्यामुळे राहायचं नाही. आणखी दहा वर्षांनी त्या बोटींच्या वेळा तपासत बसाल, आणि मनातल्या मनात मला बोल लावाल. ते मला नको आहे."

त्याने पिशवीची चेन एकदा उघडली, एकदा लावली. मग त्याने पिशवी कमरेला लावली आणि मान हलवली.

तो गेला.

पहिला आठवडा तिला जड गेला. साडेपाचला मान आपोआप दाराकडे वळायची. मग तिने मान वळू दिली, बिघडतंय काय? एका शाळेची साठ दप्तरं आली, एका डॉक्टरीणबाईंची पेटी आली, दिवस भरत गेले. आत आपण काही चुकीचं केलं नाही याचं एक शांत समाधान होतं, आणि त्याच्या खाली थोडी धाकधूक.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी दुकानात सावली पडली. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेला, बूट धुळीने माखलेले. घरी न जाता थेट आलेला दिसत होता.

"काही तक्रार?" तिने विचारलं. दुसरं काही सुचेचना.

"काहीच नाही. ना टाका उसवला, ना चेन अडकली." त्याने मोठा श्वास घेतला. "गाडीत रात्रभर विचार केला, काय कारण काढून यावं... एकही सापडेना. म्हणून विनाकारण आलो."

तिचा पाय मशीनवर चालतच राहिला.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "कारण आहे. तू आवडतेस मला. तिथे काहीही छान दिसलं, की तुला दाखवायचं म्हणून फोटो काढायचो. सहाशे बारा झालेत."

"मी जरा दोरे घेऊन येते," आत्या चपला शोधत म्हणाली.

"दोरे कालच आणलेत, आत्या."

"मग परत करून येते!" आणि ती गेलीसुद्धा.

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढून अगदी आपल्या शेजारी ठेवलं. तो बसला, तेव्हा त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. तिने आपला बाजूला घेतला नाही.

"पहिल्यापासून दाखव," ती म्हणाली. "एकही गाळू नकोस."

'अहो'वरून आपण थेट 'अरे'वर आलो, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्याच्या मात्र लगेच आलं होतं. त्यामुळे कॅमेरा सुरू करताना त्याचं बोट दोनदा चुकलं.