वेंगुर्ल्याच्या पाण्यातले किडे

निपाणीच्या सौम्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी होती. त्यातल्या कोळंब्या मरत होत्या आणि खुनी कोण, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मेलेल्या कोळंबीवर केसाळ किडे तुटून पडलेले तिनं पाहिले होते, आणि ते आले होते टाकीसाठी बुद्धप्रियनं दिलेल्या समुद्रातल्या दगडांतून. संध्याकाळी ती मासे पाळणाऱ्यांच्या सगळ्या ग्रुपवर तसं लिहिणार होती. बेळगावातलं त्याचं शोभेच्या माशांचं दुकान नवं. असा बभ्रा झाला तर शटर खाली येणार. म्हणून त्यानं खासगी तपास करणाऱ्या पारमिताला गाठलं.

गाडी पारमिताच चालवत होती. शेजारी तिचा मदतनीस परशराम; माणूस लाखातला, डोकं जरा सावकाश. संकेश्वरजवळ हिरण्यकेशीचा पूल आला तशी त्यानं सवयीनं खिडकीतून नाणं टाकलं आणि हात जोडले.

मागच्या सीटवरून बुद्धप्रिय सांगत होता. पाणी तो वेंगुर्ल्याहून कॅन भरून आणायचा. टाकीत औषध कधी घातलं नव्हतं.

"आणि किडे?" पारमितानं विचारलं.

"बोटाला केस टोचतात, तेवढाच त्रास. उरलंसुरलं खातात, मेलेलं खातात. एखादी वाईट जात असते, पण ही ती न्हाय."

परशरामला हे पटलं नाही. किडा तो किडाच.

सौम्यानं दोघांना आत घेतलं. बुद्धप्रियला 'या' म्हटलं नाही. तो फाटकाशीच थांबला. परशरामला ते लागलं.

टाकीत नारिंगी मासे मजेत फिरत होते. गोगलगायी मात्र तळाला उलट्या पडलेल्या. पारमितानं चिमट्यानं दगड उलटला. खाली किडे लुळे पडले होते.

"बरं झालं," परशराम म्हणाला, "खुनीबी मेले."

सौम्याचं म्हणणं एकच होतं, आपण डोळ्यांनी बघितलंय. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून तिनं हौसेनं समुद्र घरात आणला होता.

सासू मनुबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. टाकीला कधी हात लावता का, असं पारमितानं विचारलं.

"न्हाय बाई. सांजवात झाली की तेवढं हात जोडतो. खऱ्या दर्याचं पाणी हाय न्हवं."

पारमिता हसली. बाही वर करून तिनं टाकीच्या कोपऱ्यातली वाळू चाळली आणि मूठ उघडली. तळहातावर हिरवे पडलेले ढब्बू पैसे होते.

"तांबं," ती म्हणाली. "पाण्यात थोडं उतरलं तर मासे सोसतात. कोळंबी, गोगलगाय, किडे सोसत नाहीत. किडे मारेकरी असते तर स्वतः कशाला मेले असते? ते मढं उचलायला आलेले, आणि तुम्ही त्यांनाच पकडलंत. ते होते म्हणून पाणी इतके दिवस नासलं नाही."

"पण पैसे टाकले कुणी?" परशरामनं विचारलं.

"सकाळी पुलावर तू काय केलंस?"

परशरामच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. त्याची नजर मनुबाईंकडे गेली, आणि आपण बघायला नको होतं असं त्याला वाटलं. म्हातारीच्या हातातली वात थांबली होती.

"पोरगं दर्यावर हाय," त्या म्हणाल्या. "दर्या घरात आल्यावर रिकाम्या हातानं कसं गं जोडू? देव्हाऱ्यातलं जुनं पैसं रोज एकेक सोडत गेलो. माझ्या हातानं मेली व्हय ती?"

सौम्याचे डोळे भरून आले. ती सासूच्या पायाशी बसली. "आत्ती, आपण वेंगुर्ल्याला जाऊ. तिथं सोडा, हवे तेवढे."

मग ती उठली आणि अनवाणीच फाटकापर्यंत गेली. परशराम दारातून बघत राहिला.

"आत या, दादा," ती बुद्धप्रियला म्हणाली. "चूक आमच्या घरची, आणि नाव तुमचं घेत होते मी. पाणी सगळं बदलावं लागणार. आणि दगड आणाल तेव्हा किड्यांसकट आणा."