सरांची चाल

मोहिते सर उंबऱ्यापाशी आले आणि त्यांचे पाय जमिनीला चिकटले. कंपवातानं अशी खीळ त्यांना रोजच बसायची. पुढं जायचं मनात असायचं, पण पाय ऐकायचे नाहीत. त्यांच्या बायकोनं, शालनताईंनी, त्यांना ओढलं नाही. ओढलं की तोल जातो, हे अनुभवानं कळलं होतं. त्यांनी सरांच्या कानातलं बटणाएवढं यंत्र नीट बसवलं आणि सदऱ्याच्या खिशातल्या फोनला सांगितलं, "पायताल, चल."

सरांच्या कानात हलगी सुरू झाली. क्षणभरानं डावा पाय उचलला आणि सर उंबरा ओलांडून बाहेर पडले.

रोज पाहूनही शालनताईंना याचं नवल सरत नव्हतं. 'पायताल' ही म्हटलं तर गाण्यांची सेवा. वर्गणी भरायची आणि आवडीचं संगीत ऐकायचं. पण ऐकणाऱ्याच्या कमरेचा झोका फोनमधले संवेदक टिपत राहायचे, पुढचं पाऊल केव्हा पडेल याचा अंदाज बांधायचे आणि ठोका त्याच्या किंचित आधी द्यायचे. मेंदूतला हरवलेला ताल कानावाटे परत मिळायचा. सरांनी कराडच्या शाळेत जन्मभर मुलांना लेझीम शिकवली होती, त्यामुळे त्यांना हलगीच लागायची. हे ज्यांनी कुणी शोधून काढलं, त्यांना शालनताई मनोमन हात जोडायच्या.

वर्गणीचं, फोनचं सगळं नाशिकहून लेक केतकी बघायची. "अपडेट आपोआप होतील असं करून ठेवलंय, आई. तुला काही दाबायला नको," असं तिनं सांगितलं होतं, आणि शालनताईंनी तो विषय डोक्यातून काढून टाकला होता.

त्या दिवशी कृष्णाकाठच्या बागेत सर रोजच्यासारखे शेवटच्या बाकापर्यंत गेले. तिथून मागं वळणं हे सगळ्यात अवघड काम. वळताना पाय हमखास अडकायचे, म्हणून शालनताई हात पुढं करून तयार राहिल्या. सर न अडखळता वळले आणि लांब टांगा टाकत निघालेसुद्धा.

"अहो, सावकाश!" शालनताई पदर सावरत मागं धावल्या.

"अगं, पाय आपणहून वळले!" सर पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते. फोनवर सूचना होती: पायतालची नवी आवृत्ती पहाटेच येऊन बसली होती.

त्या दिवशी शालनताईंनी हौसेनं शिरा केला. कढईत रवा परतत असताना बाहेरच्या खोलीत पावलं वाजली.

"कोण आलंय?" त्यांनी आतूनच विचारलं.

"मीच की."

त्या दारात आल्या. खोलीत सरांशिवाय कुणी नव्हतं. सरांचा डावा पाय नेहमी जरा जोरात पडायचा. लेझमीचा पहिला ठोका अंगात मुरला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून पाठमोऱ्या असतानाही त्या पावलावरून ते आल्याचं त्यांना कळायचं. आजारानं पाय मंदावले, पण तो ठोका गेला नव्हता. आता दोन्ही पावलं अगदी सारखी पडत होती.

शालनताईंनी केतकीला फोन लावला. तिनं कंपनीत चौकशी केली आणि परत फोन केला तेव्हा सरही जवळच बसले होते.

"जुनी आवृत्ती फक्त बाबांच्या पायांकडून शिकली होती. आजार वाढला तशी ती कमी पडायला लागली. नवी लाखो लोकांच्या चालीवरून शिकलीय, म्हणून वळणावर अडत नाही."

"मग हे चालतात ती चाल कुणाची?"

"कुणा एकाची नाही गं. थोडी थोडी सगळ्यांची." केतकी म्हणाली. "बाबांचीही आहे तिच्यात. त्यांच्या चालीची नोंद घ्यायला त्यांनीच परवानगी दिली होती."

सर पुढं वाकले. "म्हणजे माझ्या पावलावर कुठं तरी कुणी तरी चालतंय?"

"चालत असणार, बाबा."

आजारानं थिजलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नसे, पण डोळे लकाकले.

"जुनी परत आणता येईल का?" शालनताईंनी विचारलं.

"येईल. पण बाबा पुन्हा अडखळतील."

सरांनी बायकोकडं पाहिलं. "शालन, तुला माझी जुनी चाल हवीय?"

"तुम्ही पडायला नकोत मला."

"विचारलं ते सांग."

"हवीय," त्या म्हणाल्या.

सरांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. "टाळी धर. लेझमीची."

शालनताईंनी टाळी धरली. सरांचे पाय थरथरले, मग सुटले. डावं पाऊल दणकन पडलं, उजवं त्याच्यामागून घासत आलं. खोलीच्या मध्यावर ते गोठले तेव्हा शालनताईंनी पुढं होऊन त्यांना मिठीत धरलं.

"ही चाल घरातली, तुझ्या टाळीवरची," सर धापा टाकत म्हणाले. "बाहेर मात्र नवी. आणि केतकी, यापुढं आपोआप काही नको. मला विचारायचं."

पुढच्याच आठवड्यात सर एकटे शाळेपर्यंत चालत गेले आणि मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी मुलांच्या लेझमीतल्या चुका हातवारे करून दाखवल्या. हातवारे अशासाठी, की त्यांचा आवाज आता मैदानात पोचेनासा झाला होता. पुढच्या काही महिन्यांत तो इतका खोल गेला, की बोलणं ऐकायला शालनताईंना त्यांच्या ओठांशी कान न्यावा लागे.

दिवाळीच्या सुमारास केतकीचा पुन्हा फोन आला. पायताल आता बोलण्यालाही ताल देणार होतं. शब्दाआधी कानात सूर येईल, त्याच्या आधारानं आवाज मोकळा होईल. हेही लाखो लोकांच्या बोलण्यावरून शिकलं होतं. "बाबा, तुम्हीच सांगा. घ्यायचं?"

सरांनी ऐकलं आणि लगेच मान डोलावली. फोनवर होकार नोंदवला गेला. ते शालनताईंकडं वळले, श्वास भरून घेतला आणि बोलायला तोंड उघडलं.

शालनताई श्वास रोखून उभ्या होत्या. आता ऐकू येणार होतं ते त्यांचं स्वतःचं नाव. पण कुणाच्या आवाजात?