रुमालाखालचा हात

हळदीच्या पोत्याला अडखळून सन्मती थेट राजमतीच्या पुढ्यातच येऊन थांबला... आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू होते. अडत्या तात्यासाहेबांचा उजवा हात मोडलेला, म्हणून त्यांच्या जागी त्यांची लेक राजमती उभी होती. इथं आजा-पणजांपासून हळदीचा भाव कुणी तोंडानं सांगत नाही. रुमालाखाली अडत्याच्या हातात हात द्यायचा आणि बोटं दाबून सांगायचा. पण तरण्या पोरीच्या हातात हात द्यायचा कसा? व्यापारी एकमेकांची तोंडं बघत राहिले.

तेवढ्यात हा सन्मती, साताऱ्याच्या हळद-गिरणीवाल्यांचा पोरगा, धडपडत पुढं आलेला. कानापर्यंत लाल झाला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अक्का, द्या हात."

बहीणच म्हटल्यावर कसली लाज! सौदे सुरळीत सुरू झाले, पेढीची पत राहिली. पण रुमालाखाली त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळली, आणि राजमतीला कळून चुकलं — बहिणीचा हात असा कुणी धरत नाही.

पुढं रोज तेच. भाव सांगून झाला तरी हात सुटायचा नाही.

"झालं न्हवं सांगून?" ती पुटपुटायची.

"तुमी विसरला असाल... परत सांगतो."

"मी न्हाई विसरत. तुमीच लय विसरता, हात सोडायचं!"

हसू दाबता दाबता तिचा जीव जायचा. हमाल मात्र त्याला 'अक्काचा भाऊ' म्हणून हाक मारायचे, आणि बिचाऱ्याचं तोंड कडू व्हायचं.

मग तात्यासाहेबांचं प्लास्टर निघालं. उद्यापासून ते स्वतः उभे राहणार, आणि राजमतीला बघायला आष्ट्याचं स्थळ येणार. शेवटच्या सौद्याला तात्यासाहेबही शेजारी येऊन बसले होते. सन्मतीनं हात दिला खरा, पण बोटं हलेनात.

"बोला की..." ती हळूच म्हणाली. "उद्या मी नसणार."

त्यानं रुमालच काढून बाजूला टाकला.

"तात्यासाहेब, मी ह्यांना सगळ्यांदेखत अक्का म्हणालो. तो शब्द सगळ्यांदेखत मागं घेतो. मला ह्यांच्याशी लगीन करायचंय."

तात्यासाहेबांची भुवई चढली. "आवं, बाजारात शब्द मागं घेणाऱ्याला पोरगी द्यायची व्हय?"

आज गप्प बसलं तर आयुष्यभर गप्पच बसावं लागेल, हे राजमतीला पक्कं ठाऊक होतं.

"तात्या," ती म्हणाली, "मी कुठं त्यांना एकदा तरी दादा म्हणाले?"

आधी हसले ते तात्यासाहेबच.