दुसरी हाक

अभयारण्याला लागून, डोंगराच्या उतारावरचं गाव. सकाळपासून पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून चढउतार करत गुरांच्या डॉक्टरांनी चौपन्न जनावरांना लस टोचली होती. पाय बोलत होते, कंबर तर केव्हाच संपावर गेली होती. त्यात लशीचा डबा वरच्या बांधावर राहिला. तो आणायला त्यांनी कंपाउंडरला पिटाळलं. वीस वर्षांपासूनचा जोडीदार तो, तोही दमलेलाच. पण साहेबांना स्वतःला उठवत होतं कुठे!

संध्याकाळ झाली, धुकं उतरलं, शेतातली माणसं एकेक करून खाली आली. गावाच्या तोंडाशी काट्याकुट्यांचं फाटक होतं. रानातलं जनावर आत शिरू नये म्हणून दिवस मावळताच ते लावायचं काम एका म्हातारीकडे होतं.

"ज्याचा माणूस वर राहिला, त्यानं हाक मारायची," ती म्हणाली. "पण एकदाच बरं का. ओ आली की गप्प बसायचं."

डॉक्टरांनी हाक मारली.

"आलो, साहेब!" लांबून उत्तर आलं.

पाव तास गेला. कंपाउंडरचा पत्ता नाही. खालच्या रस्त्यावर शेवटच्या बसचा हॉर्न वाजला आणि डॉक्टरांचं डोकंच फिरलं.

"अरे, झोपलास की काय तिथं? ये की लवकर!"

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "मारलीत ना दुसरी..."

"आलो, साहेब." आवाज अगदी जवळून आला. धुक्यातून कंपाउंडर बाहेर पडला, फाटकातून आत आला. खांद्याला डबा. डॉक्टरांना इतकं हायसं वाटलं की ते रागवायचंही विसरले.

तेवढ्यात वरून पुन्हा आवाज आला. तोच आवाज, धापा टाकत.

"साहेब... पाय मुरगळलाय हो. थांबा हं... फाटक लावू नका..."

डॉक्टरांनी शेजारी पाहिलं.

"चला साहेब," कंपाउंडर शांतपणे म्हणाला. "बस जाईल."

"ऐकलंस का तू?"

"काय?"

म्हातारी हळूच पुटपुटली, "एकालाच नेता येतं. मलाही एकालाच नेता आलं. कुणाला, ते तुमचं तुम्ही बघा."

"तुम्ही... तुम्ही काय केलं होतं?"

"मीपण दमले होते हो त्या दिवशी. समोर दिसला त्याला घरी नेलं. लेकच की माझा. कामाला जातो, जेवतो, आई म्हणतो." तिनं डोंगराकडे पाहिलं. "तीन वर्षं झाली. वरचा अजून रडतो... आई, फाटक उघड म्हणतो."

वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. कुणीतरी बसल्या बसल्या, सरपटत खाली उतरत होतं.

"साहेब... आलोच..."

कंपाउंडर पुढे झाला आणि त्यानं फाटकाची कडी घातली. डॉक्टर फार दमले होते. त्यांनी त्याला अडवलं नाही.