कोरी नळी

पटो न पटो, हे माझ्या घरात घडलेलं आहे. साल १९६३, गाव मालवण. रात्रही नव्हती, भरदुपार होती.

गुरुदास माझे मामा. किनाऱ्यालगतच्या एका लहानशा प्रयोगशाळेचे प्रमुख. क्षयावरच्या नव्या गोळीची तिथे चाचणी चालायची. रोग्याच्या रक्तात औषध उतरलं, की त्याची नळी पिवळी व्हायची.

सोबत एक ‘कोरी’ नळी लावायचे. गोळी न घेतलेल्या धडधाकट माणसाच्या रक्ताची. तिला रंग चढता कामा नये. त्यासाठी स्वतःचंच रक्त वापरायचं, हा मामांचा हट्ट.

त्या रोग्यांत त्यांची धाकटी बहीण होती, तुळसा. माझी आई.

त्या दुपारी मदतनीस महादू नळ्या घेऊन आला. चेहरा पांढराफटक.

"सायबानू, कोरी पिवळी झाली... आणि तुळसाबायची कोरीच रवली."

"अदलाबदल केलीस तू!" मामा खेकसले. दोघांचं पुन्हा रक्त काढून त्यांनी स्वतः तपासलं.

तेच.

महादूचं रक्त लावून बघितलं. त्याला रंग चढला नाही. म्हणजे रसायनं ठीक होती.

मामा धावतच शेजारच्या रुग्णालयात गेले.

"तुळसा, गोळी थुकतंस?"

"नाय रे दादा. देवाशपथ."

त्यांच्या डोळ्यांदेखत तिने गोळी गिळली.

आणि मामांच्या जिभेवर कडू चव आली...

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तरी काकणं वाजली.

किण... किण...

मामांनी आवाज ओळखला. लहानपणी रोज जेवताना ऐकलेला. त्यांची आई तुळसाच्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून त्यांच्या ताटात टाकायची. "खा रे झिला. चेडवाक इतक्या कित्याक होया?" पोरीला एवढं कशाला, हे तिचं नेहमीचं.

ती कधीच वारली होती. हातातल्या हिरव्या काकणांसकट.

तुळसा खंगत चालली. मामा डॉक्टरांच्या अक्षरशः पाया पडले. "औषध माझ्या रक्तात आहे. तेच तिला द्या!"

रक्तगट जुळला. बाटली टांगली. थेंब थेंब करत सगळी तिच्या अंगात गेली.

मग तपासणी...

तिची नळी कोरी. मामांची हळदीसारखी पिवळी.

मामा तिच्या खाटेपाशी कोसळले. "आये, माका नको गो! तिचा तिका दी!"

कुणीतरी त्यांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला...

तुळसा बघत होती. "दादा," ती क्षीण आवाजात म्हणाली, "आये अजून तुकाच वाढता मा रे?"

त्याच आठवड्यात ती गेली.

मला आणि माझ्या बहिणीला, जानकीला, मामांनीच वाढवलं. पानात पहिली तुकडी नेहमी जानकीला. तिचं जेवण होईपर्यंत मामा समोरून हलायचे नाहीत. मी रुसून बसायचो.

आता मामा नाहीत. जानकी आजारी आहे. औषधं चालू आहेत, पण गुण येत नाही. डॉक्टरांना कारण कळत नाही.

काल दुपारी तिने माझ्यासमोर गोळी घेतली.

माझं तोंड अजून कडू आहे...